केस आल्यावर

"मॅडम, आता माझ्याशी लग्न कोण करणार?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्या मुलाने टोपीला हात लावला तरी मला ते आधीच ऐकू येतं. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पूर्वी या वयाची मुलं यायची ती प्रेमभंग झाला म्हणून, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला म्हणून, नाहीतर वडिलांशी बोलणं बंद झालंय म्हणून. अजूनही येतात. पण महिन्यातून एखाददुसरा असा असतो, ज्याची खरी तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत बाहेरच येत नाही. झोप येत नाही म्हणतो, कामात लक्ष नाही म्हणतो. टोपी मात्र एप्रिलच्या उन्हातून आला तरी डोक्यावरून हलत नाही. त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट. नाव, गाव बदललंय, आणि लिहायच्या आधी त्याला विचारलंय.

तुषार म्हणू या. वय २६, बार्शीकडचा, शिकायला पुण्यात आला आणि इथलाच झाला. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, वाकडला तिघांत मिळून फ्लॅट. पहिल्या दोन भेटी झोपेवर गेल्या. तिसऱ्या भेटीत त्याने सॅकमधून एक शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. आत रकाने आखलेले: तारीख, उशी, जाळी, कंगवा, एकूण.

"१२ फेब्रुवारी. उशी ९, जाळी ५८, कंगवा २०. एकूण ८७."

जाळी म्हणजे बाथरूमच्या मोरीची. तिथले केस चिमट्याने काढून, टिश्यूवर मांडून तो मोजायचा. आठ महिने, रोज. मला आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं. बग लॉग करावेत तसे हा मुलगा स्वतःचे केस लॉग करत होता.

"टँकरच्या पाण्याने झालंय," तो म्हणाला. "आई म्हणते हेल्मेटने. आत्या म्हणते मामावर गेलाय. आईने माक्याचं तेल पाठवलंय, रूममेट कांद्याचा रस लाव म्हणतो."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, संपलं."

इथे मी चूक केली. इतकी वर्षं या खुर्चीत काढूनही केली. म्हणाले, "अरे, दिसण्यात काय असतं? माणूस मनाने कसा आहे ते महत्त्वाचं."

त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "तुम्हाला काय कळणार, मॅडम? तुमचा अंबाडा आहे."

खरंच होतं. दिसण्याला काही किंमत नाही हे मला तरी कुठे पटतं? स्थळं बघताना आधी फोटो बघतात हे त्यालाही माहीत, मलाही. खोट्या दिलाशाने त्याला एवढंच कळलं असणार की या बाईंनाही खरं बोलायची भीती वाटते. तेव्हापासून टक्कल पडणाऱ्या मुलाला मी 'काय फरक पडतो' असं म्हणत नाही. फरक पडतो. विशीत केस जाणं हे नुकसान आहे आणि नुकसानाचं वाईट वाटायलाच हवं. पुढचा प्रश्न, नुकसान किती रुपयांचं आणि आपण पावती किती रुपयांची फाडतोय.

पण त्याच्याही आधी डॉक्टर. ज्याचा केसांवर उपाय होऊ शकतो, त्याच्या मनावर आधी काम करत बसणं हा आमच्या व्यवसायातला आळस आहे. मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि वही बरोबर न्यायला सांगितली. त्यांनी वही चाळून मिटली. रोज ५० ते १०० केस कुणाचेही गळतात, याचे ८७ त्यातच बसतात. पुरुषांच्या टकलात किती केस पडले यापेक्षा त्या जागी उगवणारा केस कसा उगवतोय हे बघायचं असतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही, त्यांचा केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते. हे आई आणि वडील, दोन्हीकडून येतं, एकट्या मामाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, हेल्मेटने घाम येतो, टक्कल मात्र दोन्हींमुळे पडत नाही. थोडक्यात, आठ महिने तुषार चुकीची गोष्ट अत्यंत अचूकपणे मोजत होता. टेस्टिंगवाल्या माणसाला हे फार लागलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण फोनवर हेच विचारलं जातं. डेंगी, टायफॉइड किंवा मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी झुपक्यांनी केस गळतात, ते बहुतेकदा परत येतात. गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचा इलाज वेगळा. नेहमीच्या पुरुषी टकलाला मिनॉक्सिडिल लावतात. ते मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावायचं कुणाला तरी सुचलं. सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढू शकते, आणि नेमकं तेव्हाच मुलं घाबरून ते बंद करतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की मिळवलेलं जातं. डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्यांनी काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी येऊ शकते, म्हणून त्या मित्राच्या सांगण्यावरून किंवा मोबाइलवर व्हिडिओ बघून सुरू करायच्या नसतात. आधीच उदास असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रत्यारोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे काढून पुढे लावतात. गळती चालू असताना विशीतच घाईने, हप्त्यांवर ते उरकलं तर पुढची ओळ शाबूत राहते आणि तिच्यामागे मैदान वाढत जातं. 

तुषारने औषध सुरू केलं. मग चार महिने तो काय म्हणायचा? "केस आल्यावर."

केस आल्यावर सिंहगडला जाऊ. केस आल्यावर टीम लीडसाठी अर्ज करू. केस आल्यावर नवा फोटो काढू. एका भेटीत मी कागदावर रेघा मारत गेले. पंचेचाळीस मिनिटांत सात वेळा. त्याला तो कागद दाखवला.

"वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने काढ," मी म्हटलं. "एकात लिही, केसांनी काय नेलं. दुसऱ्यात, टोपीने काय नेलं."

"एकच आहे ना ते."

"लिहून तर बघ."

पहिला रकाना पाच ओळींत आटोपला. कंगवा, जेल, मनासारखा भांग, कॉलेजात मुली बघायच्या ते, स्वतःचा फोटो आवडणं. दुसऱ्यात पेन थांबेना. टिळक टँकवरचं पोहणं. सिंहगड, कारण वर वाऱ्याला टोपी टिकत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा. बहिणीच्या लग्नातले सगळे फोटो. टीम लीडची मुलाखत, जी दिलीच नव्हती. सलूनमध्ये जाणं. दीड वर्ष तो घरीच ट्रिमर फिरवत होता. पान भरलं तेव्हा त्याने वर बघितलं आणि विचारलं, "मिरवणूक कुठल्या रकान्यात टाकू?"

हा मुलगा ढोलपथकात आहे हे मला तेव्हा कळलं! इतक्या भेटी झाल्या, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट मी विचारलीच नव्हती.

"मिरवणुकीत काय होतं?"

"काहीच होत नाही. तेच तर. लक्ष्मी रोडवर असतो तेव्हा केसांची आठवणच येत नाही."

"का येत नाही?"

"फेटा असतो ना."

फेट्यावरून मला रोमचा सीझर आठवला. त्याला मिळालेल्या सगळ्या मानांत डोक्यावर लॉरेलच्या पानांचं वेटोळं घालायचा मान विशेष प्रिय होता, कारण टक्कल झाकलं जायचं, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. ते सांगायचा मोह मी आवरला, आणि बरंच झालं. कारण तुषार स्वतःशीच पुढे बोलत होता.

"पण फेटा एका दिवसाचा. दोन महिने नदीपात्रात सराव असतो. तेव्हा फेटा नसतो कुणाला." तो थांबला. "माझ्या डाव्या हाताला एक दादा वाजवतो. तीन वर्षं. तोच ताल उचलून देतो, माझं सगळं लक्ष त्याच्याकडे असतं."

"बरं."

"मॅडम, त्याला केस आहेत की नाहीत, मला आठवत नाहीये."

मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. त्याने डोळे मिटले, खरंच आठवून बघत होता. "त्याचा हात आठवतो. टिपरू धरतो तो. घाम आठवतो. केस नाही आठवत."

मी हेच त्याला सांगितलं असतं की बाबा रे, लोक तुझ्या डोक्याकडे बघत नाहीत, तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन टोपी घालूनच झोपला असता. मी ज्या विचारपद्धतीत घडले, तिची हीच शिस्त आहे: उत्तर तुमच्या तोंडात आलं असलं तरी गिळा, समोरच्याला त्याच्या पायांनी तिथवर येऊ द्या. त्या दिवशी मी नुसती गप्प बसले. आजवरच्या माझ्या चांगल्या कामांत ते गप्प बसणं मी मोजते.

पण एवढ्यावर सोडणंही बरोबर नव्हतं. कारण काही लोक बघतात, बोलतातही. 'काय टकल्या' म्हणणारे मित्र असतात. हे ऐकूनही उभं राहता यायला हवं. त्यासाठी मी त्याला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. १९५५ साली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारा हा माणूस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचा घाबरायचा. १९ व्या वर्षी त्याने न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या १३० जणींशी बोलायचा सपाटा लावला. ३० जणी उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही.

"मग फायदा काय झाला?" तुषार.

"भीती गेली त्याची. कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही."

"मला १३० मुलींशी बोलायला लावू नका."

"तू फक्त सलूनमध्ये जा. रविवारी, गर्दीच्या वेळी."

गेला. गुरुवारी सांगत होता. टोपी काढून खुर्चीत बसला, समोर आरसा, मागे बाकावर पाच-सहा जण. कटिंगवाल्याने दोन बोटांनी मागून पुढे ओढलेले केस उचलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, हे कशाला ओढताय पुढं? उन्हात सगळं दिसतं. बारीक मशीन मारू का?"

"मग?"

"ती पाच सेकंदं फार वाईट गेली. मी आरशातून मागे बघितलं. सगळे मॅच बघत होते. मग म्हटलं, मार." जरा वेळाने म्हणाला, "शेवटी त्याने चंपी केली. दीड वर्षात माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता, मॅडम."

मला चार महिन्यांत जमलं नाही ते त्या कारागिराने दहा मिनिटांत केलं असं म्हणायला हरकत नाही. मला जरा हेवाच वाटला.

पुढे बार्शीला फोन झाला. आईने वधूवर मंडळात तीन वर्षांपूर्वीचा, दाट केसांचा फोटो दिला होता. तो बदलायचा म्हटल्यावर आई रडली. आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तेलाची बाटली पाठवा, पण प्रत्येक फोनची सुरुवात 'थांबले का रे?' ने करू नका. जेवलास का, एवढं विचारा. जुना फोटो देऊन स्थळ जमवलंत तर मुलगा लग्नाच्या दिवसापर्यंत पकडले जाण्याच्या धास्तीत राहतो. आणि मित्रांनो, टोपणनावावर तो हसला म्हणजे त्याला चाललं असं समजू नका.

नव्या फोटोनंतर दोन स्थळं परस्पर नाही म्हणाली. तिसरी मुलगी कॉफी प्यायला भेटली, आणि नंतर तिने सरळ कळवलं की तिला टक्कल आवडत नाही. तुषार आला तेव्हा चेहरा उतरला होता. "वाईट वाटलं. खूपच," तो म्हणाला. "पण रात्री झोप लागली."

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. कुणी दिवसातले दोन-तीन तास आरशासमोर काढतो, घराबाहेर पडणं बंद करतो, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागतो, तेव्हा वह्या आणि रकाने बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ वर. मराठीत बोलता येतं.

औषधाने तुषारची गळती मंदावली, पुढचे केस काही परत आले नाहीत. तो दर तीन आठवड्यांनी मशीन मारून घेतो. टीम लीडची मुलाखत दिली, पद दुसऱ्याला मिळालं. लग्न अजून जमलेलं नाही. भेटी आम्ही थांबवल्या, त्याला आता वर्ष होईल.

गेल्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मागे ढोलांचा दणदणाट.

"मॅडम, एक प्रॉब्लेम झालाय. केस बारीक केल्यापासून फेटा बसत नाही, घसरतो. पूर्वी पिना लावायचो, आता कशाला लावू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "तुझ्या डाव्या हाताच्या दादाला विचार," मी म्हटलं.

"विचारलं," तो म्हणाला. "त्याचाही घसरतो."