ब्लँकच्या रिकाम्या पुंगळ्या रायफलसाठी पुन्हा भरता येतील का?

तुमचा प्रश्न असा: चुलते फौजेतून निवृत्त, त्यांच्या जुन्या ट्रंकेत ब्लँक (गोळी नसलेल्या, नुसत्या आवाजाच्या) काडतुसांच्या डबाभर पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, सापडल्या. घरात शेतीराखणीच्या परवान्याची .315 रायफल आहे आणि काडतुसं परवडत नाहीत. मग या पुंगळ्या भरून घेता येतील का, आणि नसतील तर एवढ्या पितळेचं करायचं काय?

भरता येणार नाहीत. मी फौजेत हत्यारांच्या दुरुस्तीत नोकरी काढली आणि आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो, म्हणजे पुंगळीशी दोन्ही बाजूंनी ओळख आहे. कायद्याचा मुद्दा पुढे सांगतो, कारण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

शेवटी सांगितलंय तसा डबा आधी तपासा, मग उडालेली एक पुंगळी उजेडात धरून तिच्या तोंडाकडे बघा. ब्लँकमध्ये गोळी नसते, त्यामुळे दारू आत राहावी म्हणून कारखान्यात पितळेचं तोंडच चुण्या घालून, मोदकासारखं मिटवतात. बार उडाला की या पाकळ्या उघडतात. आता चुणीच्या रेषेवरून नख फिरवा. बऱ्याच पुंगळ्यांवर तिथं केसासारखी बारीक चीर लागेल, काहींची पाकळी अर्धी तुटलेलीही असेल. पितळ एकदा दुमडलं की त्या जागी कडक होतं आणि पुन्हा सरळ करताना तिथंच फाटतं. चिरलेला भाग कापून टाकावा म्हटलं तर पुंगळीची मान आखूड होते आणि गोळी धरायला जागाच उरत नाही. अमेरिकेत हौशी लोक 5.56 (फौजी रायफलचं एक माप) च्या ब्लँक पुंगळ्या गोळा करतात ते याच कारणाने: तिकडे .300 ब्लॅकआउट नावाचं आखूड काडतूस आहे, 5.56 ची पुंगळी सुमारे 45 मिलिमीटर लांब तर याची 35, म्हणजे फाटलेलं तोंड आपोआप कापून जातं. यूट्यूबवर तुम्ही पाहिलं असेल ते बहुधा हेच. त्याचा तुमच्या .315 शी काही संबंध नाही.

.315 हे मूळचं ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलचं 8 मिलिमीटरचं काडतूस. इंग्रजांनी फौजी मापाची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती जाऊ नयेत अशी व्यवस्था केली, ती आजही तशीच आहे. .303 आणि 7.62 हे फौजी बोअर (नळीची मापं) आपल्याकडे प्रतिबंधित आहेत आणि साध्या परवान्यावर .315 मिळते. चुलत्यांच्या नोकरीच्या काळावरून तुमच्याकडच्या पुंगळ्या .303 च्या किंवा एसएलआर या जुन्या फौजी रायफलच्या 7.62 च्या असणार. दोन्हींचं बूड .315 पेक्षा बारीक आहे. बार होताना पुंगळी फुगून चेंबरला (नळीत काडतूस बसतं ती जागा) घट्ट चिकटते, मागे येणारा गॅस अडवते आणि दाब उतरला की आकसून सुटते. रायफलमध्ये पितळ वापरतात ते यासाठी. बुडाशी ढिली असलेली पुंगळी गरजेपेक्षा जास्त फुगते, आणि ती फाटली तर तो गॅस बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणारा दांडा), म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतो.

शिवाय ही पितळ जुनी आहे. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. बूड कडक आणि मान मऊ ठेवलेली असते. मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसली तर ती तापवून मऊ केल्याची खूण समजा, खराबी नाही. अशा पितळेचा वैरी म्हणजे अमोनिया. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली जायची आणि न वापरताच मानेवर उकलायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत बनवताना राहिलेला ताण असं ते त्रांगडं होतं. त्याचा नीट उलगडा 1921 च्या सुमारास झाला. तुमची ट्रंक गोठ्याच्या माळ्यावर होती असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडचा पावसाळा आणि खाली जनावरं, म्हणजे पागेचंच वातावरण की! वरून चकचकीत पुंगळीसुद्धा आतून उकललेली असू शकते.

डब्यात एखादा न उडालेला ब्लँक निघाला तर त्यातली दारू काढून वापरायचा विचारही नको. ब्लँकची दारू फार झपाट्याने जळणारी असते, कारण समोर अडवायला गोळी नसताना तिला आवाज काढायचा असतो. तीच दारू खऱ्या गोळीमागे ठासली तर दाब इतका चढतो की रायफल हातात फुटते. फौजेत ब्लँक आणि खरी काडतुसं कधीच एकत्र ठेवत नाहीत, उगाच नाही.

आता कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि काडतुसं बनवायची यंत्रंही येतात. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं कलम 5 च्या विरुद्ध आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तुमचा परवाना रायफल बाळगण्याचा, काडतुसं बनवण्याचा नव्हे. चार काडतुसांच्या पैशांसाठी परवाना, रायफल आणि वर कोर्टाच्या चकरा, हा हिशेब कुठल्याच शेतकऱ्याला परवडणारा नाही. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शस्त्र परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. काडतुसांचा कोटा कमी पडत असेल तर तिथं रीतसर अर्ज करा.

खाली प्रतिक्रियांत एकांनी लिहिलंय की कोल्हापूर नेमबाजांचं गाव, इथं पुंगळ्या भरून देणारे असतीलच. मालक, तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसात कांस्य आणलं ते .22 वर. त्या छोट्या काडतुसात प्राइमर (पिन आदळली की पेटणारी बुडातली टोपी) वेगळा बसवलेला नसतो, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. एकदा पिन आदळली की काठ चेपला आणि पुंगळी संपली. ती कोणी पुन्हा भरत नाही.

राहिली पितळ. ओतकामाला ही चांगलीच, पण घरी वितळवू नका. पितळ 900 अंशांच्या पुढे वितळते आणि जस्त 907 अंशांना उकळतं, म्हणजे मूस तापली की पांढरा धूर निघणारच. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जुन्या ओतकऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे. प्राइमरच्या मसाल्यात शिसं असतं, आणि फार जुना असेल तर पाराही, तेव्हा या पितळेचा तांब्या किंवा निरांजन करून घ्यायचं मनात असेल तर सोडून द्या. घासायला चिंचेचा कोळ चालतो. मात्र फार वेळ ठेवलात तर पितळ लालसर पडते. अमोनियावालं पॉलिश नको, कारण वर आलंच आहे.

विकण्याआधी मात्र पोलीस ठाण्यात कळवा आणि लेखी पोच घ्या. फौजेत गोळीबाराचा सराव संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करायच्या असतात, त्यामुळे फौजी शिक्क्याच्या पुंगळ्या तुमच्या घरी आल्या कशा, हा प्रश्न भंगारवाल्याला आधी सुचेल. शहाणा भंगारवाला असा माल कागदाशिवाय घेत नाही. चुलते फौजेत होते याचा कागद, म्हणजे डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, सोबत ठेवा. काम सोपं होईल.

आणि आजच करायचं काम: डबा हलवू नका, आपटू नका, आहे तिथंच उघडून नुसतं बघा. तोंड मिटलेलं, किंवा बुडावरच्या प्राइमरला पिनेचा खळगा नाही, अशी एक जरी दिसली तरी तिला न उडालेली समजा. मग डबा मोटारसायकलला अडकवून ठाण्यात नेऊ नका. पोरांना लांब ठेवा, 112 ला फोन लावा आणि ते येऊन काय सांगतात तसं करा.