सिलिका-चांदी संकरित नॅनोकण जिवाणू खरंच मारतात का, आणि ते सुरक्षित असतात का?

मारतात, पण मारते ती चांदी. सिलिका (वाळूत असतं ते सिलिकॉन-ऑक्सिजनचं संयुग) हा फक्त वाहक: चांदीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) हळूहळू सोडते. हे आयन जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना धरतात आणि पेशीचं काम बंद पडतं.

चाचणीत खरी फसगत सच्छिद्र सिलिकात होते. छिद्रं पाडायला वापरलेला सीटॅब (साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ) पूर्ण धुतला गेला नसेल, तर तोच जिवाणू मारतो आणि श्रेय चांदीला जातं! म्हणून चांदी न लावलेली, पण तशीच धुतलेली सिलिका नियंत्रण, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून ठेवाच. चाचणीसाठी म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात) मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू घ्या आणि १६ ते २० तास वाढू द्या. कणांमुळे ब्रॉथ आधीच गढूळ दिसतो. तेव्हा नुसत्या डोळ्यांवर किंवा ओडीवर (यंत्राने मोजलेल्या गढूळपणावर) विसंबू नका, अगार प्लेटवर पसरून वसाहती मोजा. माध्यमात क्लोराइड जास्त असेल तर आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतात आणि परिणाम कमी दिसतो.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर ही सिलिका अस्फटिक असते. सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार करणारी स्फटिकी सिलिका वेगळी. तरीही कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, ओल्या स्वरूपातच हाताळा. पृष्ठभागावरचे उघडे सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले OH) गट रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतात, त्यामुळे ही फूट मोजणारी हिमोलिसिस चाचणी हवीच. पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) करत असाल, तर सच्छिद्र सिलिका त्यात ढवळाढवळ करते. जोडीला वेगळ्या तत्त्वावरची दुसरी चाचणी घ्या.