शॉर्टफिल्ममध्ये काय दाखवू?

प्रश्न: ताई, मी ठाण्यात बारावीला आहे, चर्चच्या युथ ग्रुपसाठी गर्भातल्या बाळाच्या जगण्याच्या हक्कावर निबंध नि शॉर्टफिल्म करायचीये, पण मैत्रिणी म्हणतात उगाच कोणाला तरी गिल्टी वाटेल. करू का?

उत्तर: अगं कर ना! फक्त रक्तबिक्त नको. सोनोग्राफी सेंटरबाहेरच्या बाकड्यावर पर्स घट्ट धरून एकटीच बसलेली मुलगी दाखव, आणि शेजारी येऊन 'काही खाल्लंस का गं?' विचारणारी एखादी मावशी. निबंधासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९५चं 'इव्हान्जेलियम व्हिटे' हे जीवनाच्या मोलावरचं पत्र वाच, त्यात गर्भपात करून घेतलेल्या बायकांनाही ते मायेने सांगतात की आशा सोडू नका, मला तर तोच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. तुझ्या मैत्रिणींनाही तो वाचून दाखव.