‘एकोणिसावा होल’: खेळाचा की बैठकीचा?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावावरील प्रवासलेखाचे मराठीकरण करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘खेळ आटोपून मंडळी एकोणिसाव्या होलकडे वळली’ अशा अर्थाच्या वाक्यातील ‘होल’साठी ‘भोक’ वा ‘छिद्र’ वापरावे, की सरळ ‘मद्यगृह’ लिहून मोकळे व्हावे. गोल्फच्या मैदानात अठराच होल असताना एकोणिसावा आला कोठून, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे.

गोल्फची एक फेरी अठरा होलांची असते आणि ती संपल्यावर खेळाडू ज्या बारमध्ये किंवा पबमध्ये एकत्र बसतात, त्या जागेला गोल्फपटू ‘एकोणिसावा होल’ म्हणतात. गुणपत्रिका ताडून पाहणे, पैजा चुकत्या करणे, हुकलेल्या फटक्यांची चर्चा करणे हे सारे तेथे घडते. एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याने उपस्थितांना पेय पाजावे, ही प्रथाही तेथलीच. त्यामुळे फेरीचा शेवट अठराव्या होलवर होत नाही, असे या मंडळींना मनापासून वाटते आणि या वाटण्यातूनच हा शब्द रुजला आहे.

अठरा या आकड्याविषयी एक कथा नेहमी सांगितली जाते, ती अशी की व्हिस्कीच्या एका बाटलीत अठरा घोट भरतात, दर होलला एक घोट घ्यायचा आणि बाटली रिकामी झाली की खेळ थांबवायचा. या कथेला आधार नाही. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर पूर्वी बावीस होलांची फेरी होती. 1764 मध्ये तेथील खेळाडूंनी पहिले चार होल (म्हणजे खेळाचे पट्टे) जोडून त्यांचे दोन केले आणि तेच होल जाताना व परतताना असे दोनदा खेळले जात असल्यामुळे बावीसचे अठरा झाले. पुढे हाच आकडा सर्वत्र प्रमाण मानला गेला.

बाटलीची कथा खोटी असली, तरी गोल्फ आणि मद्यपानाची बैठक यांचे नाते मात्र खरे आणि जुने आहे. एडिंबरोजवळच्या लीथ येथील गोल्फपटूंनी 1744 मध्ये खेळाचे तेरा नियम लिहून काढले, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे क्लबहाऊस नव्हते. त्यांच्या बैठका आणि जेवणे लकी क्लेफन यांच्या मद्यगृहात होत आणि त्यांच्या स्वतःच्या वास्तूची पायाभरणी 1768 मध्ये झाली. म्हणजे क्लबच्या आतला बार नंतरचा, गावातले मद्यगृह आधीचे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘एकोणिसावा होल’ म्हणजे केवळ ‘क्लबहाऊसमधील बार’ अशी व्याख्या पुष्कळदा दिली जाते आणि ती अपुरी आहे.

विशेषतः सेंट अँड्र्यूजच्या बाबतीत ती दिशाभूल करते. तेथील जुने मैदान कोणा एका क्लबच्या मालकीचे नाही. ती सार्वजनिक जमीन आहे. बाहेरून आलेला माणूसही सोडतीत नाव निघाल्यास तेथे खेळू शकतो आणि रविवारी खेळ बंद असतो तेव्हा गावकरी त्याच हिरवळीवरून फिरायला जातात. पहिल्या टीच्या, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेच्या, मागे उभी असलेली रॉयल अँड एन्शंट क्लबची 1854ची दगडी इमारत मात्र सभासदांसाठी आहे. साहजिकच पाहुण्या खेळाडूचा एकोणिसावा होल गावातील पब हाच असतो. सतराव्या होलच्या कडेला जिगर इन हे छोटेसे पांढरे पबघर आहे. ते पूर्वी स्टेशनमास्तरांचे घर होते, कारण त्या बाजूने रेल्वे जात असे. त्याचे नावही शब्दप्रेमींनी लक्षात ठेवावे असे आहे. ‘जिगर’ ही हिरवळीजवळचे (म्हणजे खळग्याभोवतालच्या बारीक कापलेल्या गवताजवळचे) छोटे फटके मारण्याची जुन्या काळातील एक काठी आणि ‘जिगर’ हेच मद्य मोजण्याच्या लहान मापाचेही नाव. त्याचा आपल्या काळीजवाचक ‘जिगर’शी काही संबंध नाही. दुसरा प्रसिद्ध पब डनव्हीगन हॉटेलात आहे. तो अठराव्या हिरवळीपासून हाकेच्या अंतरावर असून त्याच्या भिंती गोल्फपटूंच्या छायाचित्रांनी भरलेल्या आहेत. मूळ लेख या गावाविषयी असल्यामुळे, ‘क्लबच्या बारमध्ये’ असे भाषांतर केल्यास वाचक चुकीच्या दारात जाऊन उभा राहील.

आता ‘भोक’ आणि ‘छिद्र’ यांविषयी. गोल्फमध्ये ‘होल’ हा शब्द चेंडू ज्यात पडतो त्या खळग्यासाठी वापरतातच, पण टीपासून हिरवळीपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यालाही तोच शब्द आहे. ज्या सतराव्या होलचा वर उल्लेख केला, त्याची लांबी 495 यार्ड आहे. तेवढ्या पट्ट्याला भोक म्हणता येणार नाही. गोट्यांच्या खेळातील खळग्याला काही भागांत ‘गल’ म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो आणि चेंडूच्या खळग्यापुरता तो चपखलही बसेल. पण पट्ट्याचा अर्थ त्यालाही पेलणार नाही. मराठी गोल्फपटू ‘होल’ असेच म्हणतात, पुल्लिंगी म्हणतात, आणि तेच ठेवावे.

‘मद्यगृह’ लिहिण्याने अर्थ कळतो, पण खेळाशी असलेला धागा तुटतो. ‘गुत्ता’ येथे मुळीच चालणार नाही. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात, त्या मक्त्याच्या अर्थाशी तो शब्द जोडलेला आहे आणि आता त्याला हलकेपणाची छटा आली आहे. ‘परमिट रूम’ हा महाराष्ट्रातील पाट्यांवरचा शब्द 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील परवान्याच्या व्यवस्थेतून आला आहे. तो कायदा ज्या भूमीत लागू नाही, तेथील पबला ते नाव देऊ नये. ‘पब’ हा शब्द मराठीत रुळला आहे, आणि सर्वांना खुले असलेले घर हा त्याचा मूळ अर्थ सेंट अँड्र्यूजच्या संदर्भात अगदी नेमका आहे.

भाषांतरकाराने एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. खेळाडूंच्या जोडीमध्ये होलागणिक जय-पराजय मोजला जाणाऱ्या प्रकारात अठरा होलांनंतर बरोबरी झाली, तर निर्णयासाठी खेळ पुढे चालू राहतो आणि तेव्हा ‘एकोणिसाव्या होलवर सामना जिंकला’ हे वाक्य शब्दशः खरे असते. तेथे पब आणल्यास बातमीचा विपर्यास होईल. असाच घोटाळा ‘ओपन’ या ब्रिटनमधील गोल्फ स्पर्धेच्या विजेत्याला मिळणाऱ्या ‘क्लॅरेट जग’ या चषकाबाबतही होतो. क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधील बोर्डोची तांबडी वाइन. 1873 मध्ये एडिंबरोत घडवलेला हा चषक त्या वाइनच्या पात्राच्या आकाराचा आहे, पण ‘जग’ हा शब्द मराठीत विश्व आणि पाण्याचे भांडे अशा दोन दिशांना ओढतो. पहिल्या उल्लेखात ‘क्लॅरेटची सुरई’ असे लिहिल्यास आकारही डोळ्यांसमोर येतो आणि मद्याची संगतही राहते.

‘एकोणिसावा होल’चे हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची सोय मराठीच्या प्रत्ययांत आहे, असे मला वाटते. आपण मैदानावर खेळतो, पण क्लबला जातो, हॉटेलला जातो. त्याच वळणाने, खेळाच्या संदर्भात ‘सामना एकोणिसाव्या होलवर संपला’ आणि बैठकीच्या संदर्भात ‘मंडळी “एकोणिसाव्या होल”ला जमली’ असे लिहावे. दुसऱ्या ठिकाणी अवतरणचिन्हे ठेवावीत आणि पहिल्याच उल्लेखात ‘म्हणजे मैदानालगतच्या पबमध्ये’ एवढी पुस्ती जोडावी. नऊ होलांच्या मैदानाविषयी, उदाहरणार्थ गोव्यातील काणकोणच्या मैदानाविषयी, लिहितानाही हाच प्रयोग बदलण्याचे कारण नाही, कारण तेथे दोन फेऱ्या मारूनच अठराची भरती होते.