काटवल म्हणजेच कर्टोली का, आणि मग 'वांझ' कोण?

पुण्याहून लग्न होऊन नागपुरात आलेल्या एका ताईंनी विचारलंय की बर्डीच्या बाजारात काटवल म्हणून विकतात ते आणि त्यांच्या माहेरची कर्टोली एकच का, आणि सासूबाई मागच्या कुंपणावरच्या वेलाला 'वांझ काटवल' म्हणाल्या ते काय.

तर ताई, भाजी एकच. तिकडे कर्टोली, कुठे कंटोली, आमच्याकडे काटवल, इथले हिंदीवाले ककोडा म्हणतात. संस्कृतात कर्कोटकी, ककोडा हा त्याचाच झिजलेला अवतार. काटवल म्हटलं की आपल्याला मात्र काटाच ऐकू येतो, फळावर ते हिरवे मऊ काटे असतात नं, टोचत नाहीत पण नावापुरते आहेत. कर्कोटक म्हटल्यावर नळराजाला चावलेला नाग आठवतो आणि दमयंती तर आमच्या विदर्भाचीच लेक, पण तेवढ्यावरून भाजीचं नाव नागावरून पडलं म्हणू नका, आवाज जुळला म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं राजेहो. काटोल गावालाही यात ओढू नका.

खरी गंमत 'वांझ'ची आहे. दोडक्या-भोपळ्याच्या एकाच वेलावर नर-मादी दोन्ही फुलं येतात, काटवलात मात्र नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. नराला पिवळी फुलं भरपूर, संध्याकाळी उमलणारी, पण फळ एकही नाही. लोकांनी पाहिलं, फळ धरत नाही, म्हणून ठेवलं नाव वांझ! आयुर्वेदातसुद्धा 'वंध्या कर्कोटकी' असंच म्हणतात. म्हणजे वेल बाप्या, आणि नाव बाईचं, तेही दूषण लावून. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका, १८०५ सालचं, त्यातल्या डायोइकाचा अर्थ 'दोन घरांची', नराचं एक घर मादीचं एक, हे मला जास्त सरळ वाटतं.

त्यामुळे सासूबाई वेल उपटायला निघाल्या असतील तर आधी थांबवा. लागवड करणारेसुद्धा दहाएक मादी वेलांमागे एक नर ठेवतातच, त्याच्याशिवाय फळ धरणार कसं? ओळखायला सोपं आहे, मादी फुलाच्या खाली इवलंसं काटेरी काटवल आधीपासूनच असतं, नराच्या खाली नुसता देठ. तसा हा वेल मूळचा रानातलाच, झुडपी जंगल, शेताचे धुरे, काट्याकुट्यांची कुंपणं. हिवाळ्यात वरून वाळून जातो, कंद जमिनीत पडून राहतो आणि मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा वर येतो, म्हणून कुणी न लावता तुमच्याकडे उगवला असेल.

आणि बाजारात 'कर्टोली द्या' म्हणू नका, भाजीवाली कारली तोलून देते. आमच्या पुणेकर साडूंना दिली होती, अर्धा किलो.