बाबांना आधार हवा, पण कोणाचा हात नको

प्रश्न : माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ते आघाडीवर होते. आई गेल्यापासून पेडणे तालुक्यातल्या आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरात ते एकटेच राहतात. स्वयंपाक, पूजा, झाडांना पाणी, सगळे स्वतः करतात. गेल्या आषाढात ते न्हाणीघरात पडले आणि बराच वेळ उठू शकले नाहीत, हे आम्हाला तीन दिवसांनी शेजारच्या काकींकडून कळले. पुण्याचा भाऊ त्यांना कायमचे घेऊन जायचे म्हणतो. बाबा म्हणतात, ‘मी पोस्ट सोडणार नाही.’ घेऊन दिलेली काठी दाराआड उभी आहे आणि फोन ते बहुधा उचलतच नाहीत. मी म्हापशाला नोकरी करते. काय करावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपले पत्र वाचताना मी त्या तीन दिवसांपाशी थांबले. बाबांनी पडल्याचे लपवले, कारण पुण्याला नेण्यासाठी तेवढे निमित्त पुरेल, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून घरात काहीही बदलण्याआधी आपण दोघा भावंडांनी त्यांना एक शब्द द्यावा : ‘पडलात तर सांगा, तेवढ्यावरून आम्ही तुम्हाला घर सोडायला लावणार नाही.’ हा शब्द मोडलात, तर पुढचे पडणे आपल्याला आणखी उशिरा कळेल.

त्यानंतर डॉक्टर. वयस्क माणूस ‘घसरला’ असे आपण म्हणतो खरे, पण पुष्कळदा उठून उभे राहताना रक्तदाब एकाएकी उतरतो आणि तोल जातो. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दाखवाव्यात आणि डोळेही तपासून घ्यावेत. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड बाबांनी काढले नसेल, तर ते काढून घ्यावे; १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या पेन्शनरांना तिची वर्गणी माफ आहे.

न्हाणीघराबद्दल सविस्तर लिहिते, कारण जुन्या गोमंतकीय घरांत नेमकी इथेच चूक होते. टॉवेलचा दांडा आधाराला धरला जातो आणि माणसाच्या वजनाने उखडतो. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो. त्यात प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू आवळला, तर तो थोड्याच दिवसांत हलू लागतो. गवंड्याकडून भिंतीचा तेवढा भाग कोरून त्यात काँक्रीट भरून घ्यावे आणि ते पुरते सुकल्यावरच स्टीलचा दांडा बसवावा. उंची मात्र बाबांना ठरवू द्यावी. एका निवृत्त सुभेदारांच्या घरी मी गेले होते, तेव्हा त्यांनी माझी टेप बाजूला ठेवली, स्टुलावर तीनदा बसले आणि उठले, हात आपोआप जिथे भिंतीला टेकला तिथे पेन्सिलीने फुली मारली, आणि मगच गवंड्याला हाक मारली. तो दांडा ते रोज वापरतात. आपल्या दाराआडच्या काठीचेही असेच असावे. बाबा सरळ उभे राहून हात खाली सोडतील, तेव्हा मनगटाच्या वळीइतकी काठीची मूठ वर आली पाहिजे. त्याहून उंच काठी माणसाला आधार देण्याऐवजी अडवते. पावसाळ्यात न्हाणीघराच्या वाटेवरचे शेवाळ दर आठवड्याला घासून काढावे आणि वीज गेली तरी आपोआप लागणारा दिवा बिछान्याजवळ ठेवावा.

फोन न उचलण्याला आपण हट्ट समजत असाल, तर आधी कान तपासून घ्या. तोफेच्या आवाजाने कानाची हानी झाली की आधी उंच स्वर हरवतात. बोलणे ऐकू येते, पण स, श, फ ही अक्षरे विरून जातात आणि शब्द कळत नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून असा माणूस फोनच टाळतो. ओरडून बोलण्याने काही साधत नाही. समोर बसून, सावकाश बोलावे. तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून दिल्यास श्रवणयंत्राचा खर्च ईसीएचएसमधून मिळू शकतो.

खुशाली कळण्यासाठी पोदेराची, म्हणजे घरोघरी पाव टाकणाऱ्याची, मदत घ्यावी, असे मला मनापासून वाटते. फाटकाला अडकवलेली पावाची पिशवी आदल्या दिवशीचीच दिसली, की त्याने काकींना हाक मारायची आणि काकींनी आपल्याला फोन करायचा. बाबांना हे आधीच सांगावे, कारण पाठीमागून ठेवलेली पाळत त्यांना मुळीच रुचणार नाही. सकाळी सातला ‘सर्व ठीक’ एवढाच निरोप त्यांनी स्वतः मोबाइलवर पाठवावा. आयुष्यभर रोल कॉलला उभ्या राहिलेल्या माणसाला ती मदत वाटत नाही, शिस्त वाटते. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन, हे दोन क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत.

पेन्शनचे एक पाहून घ्यावे. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते आणि ८५ व्या वर्षी ती ३० टक्के होते. बाबांना ती मिळत नसेल, तर नोंदीतली जन्मतारीख चुकलेली असू शकते. पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जावे. घरकामाला रोज दोन तास बाई ठेवण्याचा खर्च या रकमेतून भागवता येईल, आणि तो बाबांच्याच पैशांतला असल्यामुळे त्यांना संकोचही होणार नाही.

भावाने चतुर्थीला येऊन चार दिवस मुक्काम करावा आणि बाबा रात्री उठतात तेव्हा जागे राहून नुसते पाहावे. गॅस चालू राहणे, एकच गोळी दोनदा घेतली जाणे, ओळखीची वाट चुकणे, यांपैकी काही वारंवार होऊ लागले तर मात्र एकटे राहण्याचा फेरविचार करावा लागेल. तो केव्हा करायचा, हे आताच तिघांनी बसून ठरवावे. कागद बाबांना त्यांच्या अक्षरात लिहू द्यावा आणि खाली तिघांनी सह्या कराव्यात.