हडळीला थांबवायचं कशाला?

प्रिय सई,

तुझ्या हॅलोविनच्या तक्त्यात चार रकाने होते: नाव, कसं तयार होतं, काय हवं असतं, कसं थांबवायचं. व्हॅम्पायर, झोंबी आणि घूल यांच्या ओळी तू आधीच भरल्या होत्यास. खाली ‘आपल्याकडचं’ म्हणून एक ओळ माझ्यासाठी ठेवली होतीस. मी भाजी परतता परतता सांगत गेले. हडळ. बाळंतपणात मेलेली बाई. काय हवं असतं? तिचं बाळ. कसं थांबवायचं? उंबऱ्यात खिळे ठोकायचे, वाटेवर राळे टाकायचे. तू लिहिता लिहिता थांबलीस आणि म्हणालीस, “पण बाळ तिचंच आहे ना? मग तिला थांबवायचं कशाला?”

मी कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखं केलं. तुझ्या बाबाला कळलं की मला उत्तर टाळायचंय, म्हणून तो तुला दात घासायला घेऊन गेला. आता लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण हे मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही. जोडाक्षरं अडली तर बाबाला विचार, नाहीतर ती ओळ सोडून पुढे जा.

त्या दिवशी मी सांगितलं नाही ते हे, की ती हडळ आपल्याच घरातली होती.

मे महिन्यात आम्ही डोंबिवलीहून आजोळी जायचो, वेंगुर्ल्याकडे. घराच्या मागे चिंच, चिंचेखाली न वापरती विहीर. दिवसा त्या चिंचेचे आकडे आम्ही हवे तेवढे पाडायचो. दिवेलागण झाली की माईचा आवाज यायचा, “तिनसांजेक भायर जाव नको गो!” कशाला नको, ते ती सांगायची नाही. ते रात्री पडवीत ओळीने गोधड्या पडल्यावर बाबीमामा सांगायचा. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा; तो खडे मारतो, खोड्या काढतो. समंध म्हणजे पुरून ठेवलेल्या पैशांत जीव अडकलेला. चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच मळ्यात फिरत राहतो. देवचाराला घाबरायचं नाही, तो राखणदार; त्याच्यासाठी गडी कुंपणापाशी विडी ठेवायचा आणि सकाळी विडी नसायची. (ती विडी कोण ओढत असेल याबद्दल माझा संशय एका ठरावीक माणसावर आहे.) आणि मुसलमान मेला तर त्याचा खवीस, असंही मामा सहज सांगून जायचा. भुतांनाही जात-धर्म होता आणि आम्हां मुलांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. हे तुला सांगायला मला आवडत नाही, पण तुझा तक्ता पूर्ण व्हायचा तर हेही त्यात हवं.

हडळीची गोष्ट मात्र मामा सांगत नसे. ती आम्ही एकमेकांना सांगायचो. पाय उलटे, पाठ पोकळ, केस मोकळे. आमच्या चिंचेवर आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ती कोण, हे मला बरीच मोठी झाल्यावर कळलं. तुझ्या आजीचे वडील म्हणजे आबा. आबांचा जन्म झाला आणि त्यांची आई गेली. पावसाळा होता. नदीला पूर होता म्हणून डॉक्टरकडे नेता आलं नाही असं काहीजण म्हणत. न्यायचा विचारच कुणी केला नाही असं माई म्हणायची, पण तेही हळू आवाजात, सुपातले तांदूळ निवडताना. मग आबांच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. आबांना त्या दुसरीनेच वाढवलं आणि चांगलं वाढवलं, त्यात वाद नाही. गेली तिला घरात सगळे ‘थोरली’ म्हणत. तिचं माहेरचं नाव सोडच, सासरचं नावही आज कुणी सांगू शकत नाही. तुझी ती खापरपणजी.

तिला घरातून नेलं तेव्हा मागून राळे टाकत गेले होते. परत यायचं झालं तर तिने एकेक दाणा वेचावा, तोवर उजाडावं. मागच्या दाराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळे मी स्वतः पाहिलेत. त्यांना ठेच लागून माझं नख निघालंय. आणि आबांना लहानपणी त्या चिंचेकडे कुणी फिरकू देत नसे, कारण ती पोराला घेऊन जाईल. म्हणजे तुझा प्रश्न आमच्या घरी कुणाला सुचायला हवा होता तर आबांना. त्यांनी तो कधी विचारला का, मला माहीत नाही. ते त्या बाजूला खुर्ची टाकून बसत, एवढं आठवतं.

आता तुझ्या वरच्या ओळींकडे येते. तू म्हणालीस की व्हॅम्पायर गढीत राहतो, त्याला नोकरचाकर असतात, आणि आपल्याकडची भुतं बिचारी आहेत. पण सरदार आणि गढी हे बरंच नंतर आलं. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात ज्या पेटार ब्लागोयेविचला लोकांनी थडग्यातून उकरून काढलं, तो साधा शेतकरी होता. आणि आपण मागच्या ऑक्टोबरात ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटरला गेलो होतो, आठवतंय? चेस्टनट हिलच्या चर्चमागे, जिथे ओमने थडग्यावरचे पैसे उचलले आणि मी त्याला रागावले? ती मर्सी ब्राऊन. एकोणीस वर्षांची. आधी आई क्षयाने गेली, मग मोठी बहीण, मग जानेवारी १८९२ मध्ये ती. भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. गावकऱ्यांना वाटलं, गेलेल्यांपैकी कुणीतरी त्याचा जीव शोषतंय. मार्चमध्ये तिघींची प्रेतं उघडली. आई आणि बहीण यांचे सांगाडे उरले होते. मर्सी कडाक्याच्या थंडीत ठेवलेली, जाऊन दोनच महिने झालेले, म्हणून काळजात रक्त सापडलं. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की यात काही विशेष नाही, फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत. क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच शोधला होता. तरी काळीज आणि यकृत खडकावर जाळलं, राख पाण्यातून एडविनला पाजली. मे महिन्यात तो गेला.

आपल्या घरापासून गाडीने फार लांब नाही ती जागा. अशा प्रकारांवरचं अमेरिकन वर्तमानपत्रातलं एक कात्रण ब्रॅम स्टोकरच्या टिपणांत आहे, आणि त्याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली १८९७ मध्ये. तेव्हा तुझ्या त्या काउंटच्या मागे कुठेतरी शेतावरच्या मुलीही उभ्या आहेत असं मला वाटतं. आणि हे वाचून तू उडशील: पूर्व युरोपात व्हॅम्पायरच्या थडग्यात, वाटेवर खसखस नाहीतर बारीक धान्य टाकत, त्याने ते मोजत बसावं म्हणून. माईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, खसखस कशाला वाया घालवायची, राळे स्वस्त पडतात.

फरक आहे तो प्रेताचा. त्यांच्याकडे देह पुरतात, म्हणून देहच उठून येतो. आपल्याकडे जाळल्यावर उठायला काही उरत नाही. उरते ती वासना, म्हणजे राहून गेलेली इच्छा. म्हणून आपल्या भुतांना रक्त लागत नाही, त्यांना काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी सांगायचं असतं. देह वापरणारा आपल्याकडे एक वेताळ. तोही दुसऱ्याच्या प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि राजाला कोडी घालतो. त्याला तुझ्या तक्त्यात कसं बसवशील मला कळत नाही, कारण ‘कसं थांबवायचं’च्या रकान्यात ‘उत्तर न देता गप्प बसायचं’ असं लिहावं लागेल. शिवाय आमच्या बाजूला तो देव आहे. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचा घड वाहतात. लहानपणी मी त्या वहाणांचे तळवे निरखून बघितलेत. झिजलेले वाटले होते.

ओमच्या झोंबींबद्दल थोडंच लिहिते, नाहीतर तो रुसेल. हैतीतला मूळ झोंबी कुणाला चावत नाही. त्याला कुणीतरी मरणानंतरही राबवत असतं. त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गुलाम राबवले जात. मेलो तरी सुटका नाही, ही त्यांची भीती. झोंबीने मीठ चाखलं की त्याला आपण मेलोय हे कळतं आणि तो आपल्या थडग्याकडे चालू लागतो. म्हणजे तिथेही घाबरायचं कुणाला, राबवणाऱ्याला की राबणाऱ्याला, हा प्रश्न आहेच. तुझ्या प्रश्नाचा सख्खा भाऊ.

आता आबांची गोष्ट. आबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बायका तिकडे जात नाहीत, पण मी नदीच्या अलीकडच्या बांधावरून बघत होते, कुणी हाकललं नाही. कावळे होते, समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली उतरत नव्हते. मग सगळे एकेक वचन द्यायला लागले. माईला सांभाळू. धाकटीचं लग्न करून देऊ. बाबीमामाने तर शेजारच्या वाडीशी चाललेला जमिनीचा दावा मागे घेतो असंही सांगून टाकलं. (दावा पुढेही बरीच वर्षं चालला, ते वेगळं.) कावळा ढिम्म. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात भावकीतला एक म्हातारा म्हणाला, “तेच्या आवशीचो टाक खंय आसा?” त्याच्या आईचा टाक कुठे आहे?

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची छोटी मूर्ती. दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालायची, म्हणजे पहिलीने तिला त्रास देऊ नये. आमच्या पणजीने तो जन्मभर घातला आणि ती गेल्यावर तो ट्रंकेत पडला होता. मामा म्हणाला, देव्हाऱ्यात ठेवतो. आणि कावळा उतरला. त्याला टाकाचं कळलं की नुसती भूक लागली, मी सांगू शकत नाही. भुकेचंच असेल. पण बांधावर मला रडू आलं, आणि ते आबा गेले म्हणून नव्हतं.

तेव्हापासून थोरली देव्हाऱ्यात आहे. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवते. उंबऱ्यातले खिळे मात्र कुणी काढले नाहीत. बाहेरून अडवायचं आणि आतून नैवेद्य दाखवायचा, हे दोन्ही एकाच घरात एकाच बाईसाठी. हे चूक आहे का? मला वाटतं, जिच्यासाठी वेळेवर काही केलं नाही तिचीच भीती वाटते, आणि भीती वाटत होती म्हणून निदान ती विसरली गेली नाही. मग वाटतं, ही पळवाट आहे. भीती एवढी लक्षात राहिली आणि नाव नाही राहिलं. मर्सीचं काळीज जाळलं, पण दगडावर तिचं नाव आहे. दगड कुणी चोरू नये म्हणून तो लोखंडी पट्टीने जखडलाय. आपल्या थोरलीला लोखंड तेवढं मिळालं.

मी इथे अविधवा नवमी करत नाही. सवाष्ण शोधायची म्हणजे विधवा मैत्रिणीला सोडून बाकीच्यांना बोलवायचं, ते मला जमत नाही. तू कर असंही म्हणणार नाही. तू जेव्हा जन्मलीस, तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये मला गुंगी येत होती आणि मी नर्सला मराठीत काहीतरी विचारत होते. बाबा म्हणतो, मी ‘दार उघडं ठेवा’ म्हणत होते. त्याला त्याचा अर्थ लागला नाही. मीही तेव्हा काही बोलले नाही.

तर सई, तुझ्या चौथ्या रकान्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाईंना चालणार असेल तर तो रिकामा ठेव, आणि त्यांनी गुण कापले तर मी भेटायला येईन म्हणून सांग. तिसऱ्या रकान्यात तू ‘तिचं बाळ’ असं लिहिलंयस, त्यात काही बदलू नकोस. हवं तर त्याच्यापुढे कंसात ‘आबा’ लिही.

थोरलीचं माहेर कुठल्या गावचं होतं हे तुझ्या आजीला कदाचित आठवत असेल. माझ्यापेक्षा तू विचारलंस तर ती सांगेल. फक्त शनिवारी सकाळी उठल्या उठल्या फोन करू नकोस; तेव्हा तिकडे दिवेलागण असते, आणि त्या वेळेला ती असलं काही बोलायची नाही.

तुझी,
आई